आप्ताची तीन लक्षणे

मराठीतील वैचारिक वाङ्मयात शब्दप्रामाण्य आणि बुद्धिप्रामाण्य ही जोडी एकोणिसाव्या शतकापासून परस्परविरोधी म्हणूनच वावरत आली आहे. १८८८ साली पुण्यात ‘सुधारक’ सुरू करणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांनी एखादी गोष्ट शास्त्रात लिहिली आहे किंवा पूर्वजांनी सांगितली आहे एवढ्यावरून ती खरी मानण्यास नकार दिला, आणि तो नकार बालविवाह, केशवपन यांसारख्या क्रूर रूढींच्या विरोधात उभा असल्यामुळे त्याला नैतिक तेजही लाभले. त्या वादाचा कौल बुद्धीच्या बाजूने लागणे न्याय्यच होते. मात्र त्या कौलानंतरही एक प्रश्न शिल्लक राहिला, आणि त्याची चर्चा मराठीत त्या मानाने थोडी झाली. तो प्रश्न असा: ज्या गोष्टीची परीक्षा माणसाला स्वतःला करताच येत नाही, आणि जिच्यावाचून त्याचा जीव वाचणेही शक्य नाही, त्या गोष्टीबाबत त्याने विश्वास कशाच्या आधारावर ठेवावा?

ज्या रुग्णाच्या हृदयात कृत्रिम झडप बसवायची असते, त्याच्यापुढे हा प्रश्न अगदी उघड्या रूपात येतो. ती झडप कोणत्या धातूची आहे, तिची तबकडी किती वर्षे टिकेल, तिच्यावर रक्ताची गुठळी धरण्याचा संभव किती, यांपैकी काहीच त्याला तपासता येत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी तो भुलेखाली असतो, आणि पुढे ती वस्तू त्याच्या शरीरात इतकी आत जाऊन बसते की तिचे अस्तित्व त्याला फार तर रात्रीच्या शांततेत ऐकू येणाऱ्या टिकटिकीवरून जाणवते. संमतिपत्रावर सही करणारा माणूस कितीही बुद्धिवादी असला, तरी त्या क्षणी तो दुसऱ्याच्या शब्दावर जीव सोपवत असतो. म्हणून शब्द प्रमाण मानावा की नाही हा प्रश्न आधुनिक विज्ञानाने निकालात काढला असे म्हणता येत नाही. ज्ञान जसजसे तज्ज्ञांच्या हाती गेले, तसतशी त्या प्रश्नाची व्याप्ती वाढतच गेली. आता विचारायचे ते एवढेच की कोणाचा शब्द, कोणत्या अटींवर आणि कोणत्या मर्यादेपर्यंत प्रमाण मानावा. न्यायदर्शनाने या प्रश्नाला दिलेले उत्तर आणि डॉ. मार्तंड वर्मा शंकरन वलियाथन (१९३४–२०२४) या हृदयशल्यविशारदाचे जीवनकार्य ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिली, तर दोहोंवर प्रकाश पडतो.

गौतमाच्या न्यायसूत्रांत यथार्थ ज्ञानाची चार साधने, म्हणजे प्रमाणे, मानली आहेत: इंद्रियांनी होणारे प्रत्यक्ष, खुणेवरून काढलेले अनुमान, साम्यावरून ओळख पटवणारे उपमान आणि शब्द. यांतील शब्द म्हणजे कोणाचेही बोलणे नव्हे, तर आप्ताचा उपदेश होय. आप्त कोणाला म्हणावे, हे सूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने स्पष्ट केले आहे. ज्याने एखाद्या वस्तूचे स्वरूप स्वतः पडताळून पाहिले आहे आणि ते जसे दिसले तसेच दुसऱ्याला कळावे या इच्छेने जो बोलण्यास प्रवृत्त होतो, तो आप्त. या व्याख्येत जात, कुळ, आश्रम किंवा भाषा यांना कोठेही स्थान नाही. उलट ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही हेच लक्षण सारखेच लागू पडते, असे भाष्यकार मुद्दाम नोंदवतो. पुढे दुसऱ्या अध्यायावरील भाष्यात, आप्ताच्या शब्दाला प्रामाण्य कशामुळे येते हे सांगताना, तो या दोन लक्षणांच्या मध्ये आणखी एका लक्षणाची भर घालतो, ते म्हणजे भूतदया, अर्थात प्राणिमात्रांविषयीची कळकळ.

ही तीन लक्षणे सहज सुचलेली यादी नाही. माणसाचा शब्द खोटा निघण्याची कारणे पाहिली, तर ती मुख्यतः तीनच सापडतात: बोलणाऱ्याला नीट ठाऊक नसते, किंवा ऐकणाऱ्याचे काय होईल याची त्याला पर्वा नसते, किंवा ठाऊक असलेले झाकण्यात त्याचा काही लाभ असतो. स्वतः पडताळून पाहणे हा पहिल्या कारणावरचा उतारा, भूतदया हा दुसऱ्यावरचा आणि जसे आहे तसे सांगण्याची इच्छा हा तिसऱ्यावरचा. आजच्या विज्ञानव्यवहारात मात्र या तिन्हींची वाटणी तीन निराळ्या माणसांत झाली आहे. पडताळणे हे संशोधकाचे काम समजले जाते, कळकळ ही डॉक्टराच्या किंवा समाजसेवकाच्या वाट्याला येते, आणि सांगणे हे विज्ञानप्रसारक म्हणवणाऱ्या लेखकाकडे सोपवले जाते. संशोधकाने लोकांसाठी लिहिले, तर तो त्याचा छंद किंवा निवृत्तीनंतरचा विरंगुळा मानला जातो. वात्स्यायनाच्या दृष्टीने ही वाटणी टिकत नाही, कारण तिसरे लक्षण गळले की पहिली दोन असलेला माणूस ज्ञानी ठरेल, दयाळूही ठरेल, पण इतरांच्या दृष्टीने तो प्रमाण ठरणार नाही.

वलियाथन यांचा जन्म केरळातील मावेलिक्करा येथला. तिरुवनंतपुरमच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी इंग्लंडमध्ये शल्यचिकित्सेचे शिक्षण घेतले, पुढे अमेरिकेत हृदयशस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतले, आणि तेथे डॉ. चार्ल्स हफनागेल यांच्या हाताखाली काम केले. याच हफनागेल यांनी १९५२ साली चेंडूच्या हालचालीने उघडणारी कृत्रिम झडप प्रथमच माणसाच्या महारोहिणीत बसवली होती. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात वलियाथन भारतात परतले आणि तिरुवनंतपुरम येथे आकाराला येत असलेल्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेची धुरा त्यांनी सुमारे दोन दशके वाहिली. ही संस्था १९८० साली संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची ठरली; तिचे वैशिष्ट्य असे की रुग्णालय आणि वैद्यकीय उपकरणे घडवणारी प्रयोगशाळा ही दोन्ही एकाच छत्राखाली आणली गेली, आणि पूजप्पुरा येथील त्रावणकोर राजघराण्याच्या जुन्या राजवाड्यात अभियंते, रसायनशास्त्रज्ञ आणि पशुवैद्य एकत्र काम करू लागले. एकदाच वापरायच्या रक्तपिशव्यांचे तंत्रज्ञान येथेच विकसित होऊन उद्योगाकडे गेले. पण ज्या वस्तूमुळे हे नाव सर्वतोमुखी झाले, ती म्हणजे कलत्या तबकडीची चित्रा झडप.

हृदय मिनिटाला साधारण सत्तर वेळा आकुंचन पावते असे धरले, तर दिवसाकाठी एक लाख आणि वर्षाकाठी साडेतीन कोटींहून अधिक वेळा झडपेची उघडझाप होते. कलत्या तबकडीच्या झडपेत धातूचे एक गोल कडे असते, त्याच्या आतल्या बाजूला दोन लहान आधारकांबी असतात आणि त्यांच्यामध्ये एक तबकडी सैल बसवलेली असते. रक्ताचा दाब पुढून आला की ती कलते आणि वाट मोकळी करते, दाब उलटला की कड्याला टेकून वाट बंद करते. कड्याभोवती पॉलिएस्टरच्या विणलेल्या कापडाची गादी असते, आणि तिच्यातूनच शल्यविशारद हृदयाच्या स्नायूला टाके घालतो. रचना इतकी साधी दिसते. पण कांबी झिजली, तबकडी तडकली किंवा सांधा निखळला, तर रुग्णाला काही मिनिटांचाच अवधी मिळतो. म्हणून या वस्तूबाबत ‘बहुधा टिकेल’ या शब्दांना काहीही अर्थ उरत नाही.

तिरुवनंतपुरमच्या गटाची पहिली तिन्ही रूपे फसली, आणि प्रत्येक वेळी फसण्याचे कारण निराळे होते. पहिल्या रूपात टायटेनियमच्या कड्याला मोठी कांबी वेल्डिंगने जोडली होती. टिकाऊपणाच्या चाचणीत ती नेमकी जोडावरच तुटली. दुसऱ्या रूपात कडे आणि कांब्या टायटेनियमच्या एकाच ठोकळ्यातून कोरून काढल्या आणि तबकडी कृत्रिम नीलमण्याची केली. या वेळी कांबी मोडली नाही, पण कठीण नीलमण्याच्या घर्षणाने टायटेनियम प्रमाणाबाहेर झिजले. तिसऱ्या रूपात कडे कोबाल्ट आणि क्रोमियम यांच्या कणखर मिश्रधातूचे केले, त्यामुळे झीज आटोक्यात आली. मात्र प्रयोगासाठी मेंढीच्या हृदयात बसवलेल्या झडपेची नीलमण्याची तबकडीच फुटली आणि मेंढी दगावली. चौथ्या रूपात मिश्रधातूचे कडे तसेच ठेवून तबकडी अतिशय लांब रेणूंच्या पॉलिइथिलीनची केली, म्हणजे कठीण वस्तूच्या जोडीला मऊ पण चिवट वस्तू दिली. ती तबकडी उघडझाप करताना स्वतःभोवतीही हळूहळू फिरत राहते, त्यामुळे झीज एकाच जागी साचत नाही. हे रूप प्रयोगशाळेतील यंत्रांवरच्या आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत उतरले, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती झडप प्रथमच एका रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली. त्यानंतर निरनिराळ्या रुग्णालयांतील चाचण्या पार पडल्यावर टीटीके समूहाने तिचे उत्पादन हाती घेतले, आणि आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांना ती बसवली गेली आहे.

न्यायदर्शनाच्या भाषेत या इतिहासाला एक नेमका अर्थ आहे. ज्ञान खरे असल्याचे कशावरून ठरते, या प्रश्नावर मीमांसक आणि नैयायिक यांच्यात मोठा वाद झाला. मीमांसकांच्या मते ज्ञान उपजतच प्रमाण असते. बाधा दाखवली जात नाही तोवर ते खरेच मानावे. नैयायिकांच्या मते ज्ञानाचे खरेपण बाहेरून सिद्ध व्हावे लागते, आणि त्याची मुख्य कसोटी म्हणजे त्या ज्ञानाच्या आधारे केलेली कृती फळाला येणे. यालाच ते प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात. पाणी दिसले हे ज्ञान खरे की मृगजळ, हे तहान भागली की ठरते. पहिल्या तिन्ही झडपांच्या मागचे ज्ञान उच्च प्रतीचे होते, आकडेमोड बरोबर होती, धातूंचे गुणधर्म पुस्तकांत नोंदलेले होते. तरीही ते ज्ञान कृतीत उतरले नाही, आणि ते कृतीत उतरेपर्यंत त्याला प्रमाण मानायचे नाही हा संयम त्या गटाने दशकाहून अधिक काळ पाळला. वात्स्यायनाला अभिप्रेत असलेला साक्षात्कार गूढ अनुभवाचा नाही, तो याच प्रकारचा आहे: वस्तू कुठे, केव्हा आणि का मोडते हे हाताने पडताळून कळणे.

दुसरे लक्षण भूतदयेचे. झडप कोणासाठी घडवायची, या प्रश्नाचे उत्तर भारतात १९७० च्या दशकात पाश्चात्त्य देशांहून निराळे होते. लहानपणी स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा सुजतो, त्यावर वेळीच उपचार न झाल्यास काही मुलांना र्‍हुमॅटिक फीव्हर म्हणजे सांधे आणि हृदय यांवर परिणाम करणारा ताप येतो, आणि त्यातून हृदयाच्या झडपा जाड होतात, आकसतात किंवा गळू लागतात. दाटीवाटीची वस्ती आणि दवाखान्यापासूनचे अंतर ही या रोगाची पोषक कारणे असल्याने त्याचे रुग्ण बहुधा गरीब आणि तरुण असत. अशा तरुण रुग्णांत प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपा लवकर कॅल्शियम साचून निकामी होतात, म्हणून त्यांना धातूची टिकाऊ झडप लागते, आणि ती परदेशातून मागवण्याची त्यांची ऐपत नसते. अभियांत्रिकीचा जो प्रश्न प्रयोगशाळेत सोडवला गेला, तो करुणेने निवडलेला होता. कोणते सत्य शोधायचे हे ज्ञान स्वतः ठरवत नाही. ती निवड दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहणाऱ्या मनाची असते, आणि याच अर्थाने भूतदया ही आप्ताच्या प्रामाण्याची अट ठरते.

परंतु भूतदया हा शब्द रुग्णापाशी थांबत नाही. फुटलेल्या नीलमण्याच्या तबकडीमुळे मेलेली मेंढीही प्राणिमात्रांतच मोडते, आणि अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हा विचार टाळता येणार नाही. मेंढीवर चाचणी न करता ती झडप माणसाला बसवली असती, तर तोच आघात एखाद्या तरुण आईवर झाला असता, हे उत्तर खरे आहे. पण खरे उत्तरही ऋण फेडत नाही, ते फक्त ते ऋण का काढावे लागले एवढेच सांगते. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अशा प्रयोगांवर देखरेख ठेवली जाते आणि वेदना कमीत कमी राहाव्यात असे नियम आहेत. तेवढे पाळले म्हणजे नैतिक हिशेब पूर्ण झाला असे मानणे योग्य नाही. या ऋणाचा एक अंश तरी फेडण्याचा मार्ग उघड आहे: त्या जिवाच्या मोलाने जे कळले, ते पूर्णपणे, अपयशासकट, सर्वांना सांगितले गेले पाहिजे, म्हणजे तीच चूक कळण्यासाठी दुसऱ्या प्रयोगशाळेत दुसरा प्राणी मारला जाणार नाही. येथे भूतदया हे लक्षण तिसऱ्या लक्षणाला येऊन मिळते, आणि सांगणे हे करुणेचेच कर्तव्य ठरते.

हे कर्तव्य त्या गटाने पाळले, याची साक्ष १९९६ साली ‘जर्नल ऑफ हार्ट व्हॉल्व्ह डिसीज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला शोधनिबंध देतो. जी. एस. भुवनेश्वर, सी. व्ही. मुरलीधरन आणि त्यांचे सहकारी यांनी वलियाथन यांच्यासह लिहिलेल्या त्या निबंधात यशस्वी झडपेच्या वर्णनाबरोबर आधीची तीन रूपे कशी फसली याचाही वृत्तांत आहे. याउलट जे घडू शकते त्याचे दुःखद उदाहरण त्याच काळातील आहे. ब्यॉर्क-शायली या नावाच्या कलत्या तबकडीच्या झडपेचे एक सुधारित रूप १९७९ ते १९८६ या काळात जगभर सुमारे ८६,००० रुग्णांना बसवले गेले. त्याच्या एका कांबीचा वेल्डिंगचा जोड काही रुग्णांत चालत्या हृदयात तुटू लागला. अशा शेकडो घटना नोंदल्या गेल्या, बहुतेकांत रुग्ण दगावले, आणि अखेर ते रूप बाजारातून काढून घ्यावे लागले. तिरुवनंतपुरमच्या पहिल्या रूपातही कांबी वेल्डिंगच्या जोडावरच तुटली होती. तो दोष एका ठिकाणी यंत्रावर आढळला आणि दुसऱ्या ठिकाणी माणसाच्या छातीत, एवढ्या अंतरात आप्त असण्या-नसण्याचा सगळा अर्थ सामावलेला आहे.

१९९० च्या दशकात वलियाथन मणिपाल येथील अभिमत विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि त्यानंतरच्या काळात त्यांच्या सार्वजनिक लेखनाला वेगळे वळण लागले. वैद्यभूषण राघवन तिरुमुलपाड या आयुर्वेदाचार्यांकडे शिष्यभावाने बसून त्यांनी संहिता अभ्यासल्या, आणि २००३ मध्ये चरकावर, २००७ मध्ये सुश्रुतावर आणि २००९ मध्ये वाग्भटावर असे तीन विस्तृत इंग्रजी ग्रंथ सिद्ध केले. संहितेतील विखुरलेला मजकूर विषयवार लावून आजच्या शिक्षित वाचकाला तो सलग वाचता यावा, हा त्या ग्रंथांचा उद्देश होता. हृदयाच्या झडपांवर आयुष्य वेचलेल्या शल्यविशारदाने प्राचीन ग्रंथांकडे वळणे अनेकांना विसंगत वाटले असेल. वस्तुतः त्यात एक सातत्य आहे, कारण चरकसंहिता ही परीक्षेच्या चर्चेने भरलेला ग्रंथ आहे. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. यांतील युक्ती म्हणजे अनेक कारणे एकत्र येऊन एक कार्य कसे घडते हे ओळखणारी बुद्धी होय. विमानस्थानात वैद्यांनी परस्परांशी चर्चा कशी करावी याचे नियम आहेत, आणि ज्ञानवृद्धीसाठी केलेली मैत्रीची चर्चा व जिंकण्यासाठी केलेला वाद यांत स्पष्ट भेद केला आहे.

चरकातील आणखी एक विचार विज्ञानसंवादाच्या दृष्टीने मोलाचा आहे. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाय मानले आहेत, आणि रोग्याच्या चार गुणांत स्मृती, सांगितल्याप्रमाणे वागणे व निर्भयता यांबरोबर ज्ञापकत्व, म्हणजे आपल्याला काय होते आहे हे वैद्याला नीट सांगण्याची क्षमता, गणली आहे. याचा अर्थ असा की ऐकणारा हा रिकामे भांडे नसतो. त्याच्याजवळही असे ज्ञान असते, जे दुसऱ्या कोणालाच प्रत्यक्ष नाही. झडप बसवलेल्या रुग्णाला आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते आणि रक्त गोठण्यास लागणारा वेळ पुनःपुन्हा तपासून घ्यावा लागतो. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. गावाकडच्या रुग्णाने गोळी का सोडली, तपासणीला तो का आला नाही, हिरड्यांतून रक्त येते हे त्याने आधी का सांगितले नाही, हे त्याच्याच तोंडून कळले नाही, तर सर्वोत्तम झडपही त्याला वाचवू शकत नाही. म्हणून शास्त्रज्ञाने लोकांशी बोलणे ही वरून खाली ज्ञान ओतण्याची क्रिया नाही. उपकरण पूर्ण होण्यासाठी आवश्यक असलेला तो अर्धा भाग आहे.

येथे या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. एका क्षेत्रात आप्त ठरलेला माणूस दुसऱ्या क्षेत्रातही आप्त मानावा काय? न्यायसूत्रांत या प्रश्नाशी थेट जोडलेला एक युक्तिवाद आहे. वेदांचे प्रामाण्य सिद्ध करताना सूत्रकार मंत्र आणि आयुर्वेद यांचा दाखला देतो: आयुर्वेदातील उपदेशाचे फळ याच जन्मी पडताळता येते आणि ते खरे ठरते, ते सांगणारे आप्त होते, त्याच आप्तांनी अदृष्टाविषयी सांगितलेले वेदवचनही म्हणून प्रमाण मानावे. पडताळता येणाऱ्या गोष्टीत कमावलेला विश्वास पडताळता न येणाऱ्या गोष्टीकडे नेण्याची ही वाट आहे. धर्मश्रद्धेच्या क्षेत्रात तिचे काय मोल मानायचे, हे प्रत्येकाने आपल्या निष्ठेनुसार ठरवावे. पण जे क्षेत्र स्वतःच पडताळणीला खुले आहे, तेथे ही वाट धरणे हा आळस ठरतो. आजच्या सार्वजनिक जीवनात हा आळस पावलोपावली दिसतो: एका विषयातील नामवंत दुसऱ्या विषयावर निकाल देतो, आणि त्याच्या पदव्यांकडे पाहून लोक तो निकाल स्वीकारतात.

वलियाथन यांनी नेमकी हीच वाट नाकारली, आणि त्यांच्या कार्याचे तात्त्विक महत्त्व यात आहे. देशातील अत्यंत प्रतिष्ठित शल्यविशारद, भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे माजी अध्यक्ष आणि २००५ साली पद्मविभूषणाने गौरवलेले विद्वान या नात्याने त्यांनी आयुर्वेदाची नुसती भलावण केली असती, तरी ती देशभर प्रमाण मानली गेली असती. त्याऐवजी भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाच्या पाठबळाने त्यांनी आयुर्वेदातील निवडक संकल्पना प्रयोगशाळेत तपासण्याचा उपक्रम उभा केला. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संशोधकांनी आमलकी रसायन आणि रससिंदूर फळमाशीच्या खाद्यात मिसळून तिच्या वाढीवर व आयुष्यावर होणारे परिणाम पाहिले आणि ते २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. वात, पित्त आणि कफ या प्रकृतींना जनुकीय आधार आहे काय, हे पाहणाऱ्या दुसऱ्या अभ्यासात पुण्याचाही सहभाग होता. ३,४१६ निरोगी पुरुषांच्या तपासणीतून स्पष्ट प्रकृतीच्या २६२ जणांची निवड करून त्यांच्या जनुकसंचाची तुलना करण्यात आली, आणि २०१५ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’मध्ये आलेल्या निबंधात प्रकृतीनुसार भेद दाखवणाऱ्या ५२ जागा नोंदल्या गेल्या. या अभ्यासात स्त्रियांचा समावेश नव्हता आणि निवडलेला गटही लहान होता. म्हणून त्याने प्रकृतीचा सिद्धांत सिद्ध झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्याने एवढेच दाखवले की तो प्रश्न विचारण्याजोगा आहे. ही मर्यादा सांगणे हादेखील जसे दिसले तसे सांगण्याचाच भाग आहे, आणि ती लपवून जो आयुर्वेदाचा गौरव करतो तो आयुर्वेदाचे हित करत नाही.

आप्ताच्या या कल्पनेवर दोन आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखे आहेत. पहिला बौद्ध तर्कपंडितांचा. दिङ्‌नागाने शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानण्यास नकार देऊन त्याचा समावेश अनुमानात केला, आणि पुढे धर्मकीर्तीने दाखवून दिले की शब्दावरून फार तर वक्त्याला काय म्हणायचे आहे एवढे कळते, वस्तू तशी आहे हे कळत नाही. हा आक्षेप प्रामाणिकपणाचे भाबडे कौतुक करणाऱ्यांना आवर घालतो, कारण सद्‌हेतूने बोलणाऱ्याची झडपही मोडू शकते. पण त्यातून शब्दाचा त्याग निष्पन्न होत नाही. वक्त्याची, त्याच्या पडताळणीची आणि त्याच्या हितसंबंधांची परीक्षा करण्याची जबाबदारी निष्पन्न होते. ती परीक्षा करणारी बुद्धी आणि ती उत्तीर्ण झालेला शब्द यांच्यात वैर राहत नाही; आगरकरांनी ज्याच्यावर प्रहार केला तो परीक्षेस नकार देणारा शब्द होता, आणि त्या शब्दाला वात्स्यायनही आप्तवाक्य म्हणाला नसता.

दुसरा आक्षेप आधुनिक आहे. आज कोणतेही ज्ञान एका द्रष्ट्याचे राहिलेले नाही. झडपेचा धातू एकाने तपासला, तबकडीची झीज दुसऱ्याने मोजली, रक्तावरील परिणाम तिसऱ्याने पाहिले, मेंढीवरची शस्त्रक्रिया चौथ्याने केली. वलियाथन यांनीही यांतील बरेचसे सहकाऱ्यांच्या शब्दावरच स्वीकारले असणार. मग साक्षात्कार कोणाचा? या आक्षेपाला उत्तर असे की आप्तत्व आता व्यक्तीपुरते न उरता संस्थेचा गुण झाले आहे. ज्या संस्थेत अभियंत्याला शल्यविशारदापुढे ‘ही कांबी तुटेल’ असे निर्भयपणे म्हणता येते, जेथे अपयशाची नोंद पुसली जात नाही, आणि जेथे वस्तू बनवणारे व ती वापरणारे एकमेकांच्या रोज समोर येतात, ती संस्था तिन्ही लक्षणे धारण करू शकते. व्यक्तीचे कर्तृत्व अशा ठिकाणी पहिल्या दर्जाचे ठरते ते सर्व काही स्वतः जाणण्यामुळे नव्हे, तर सत्य बोलणे सर्वांना शक्य होईल अशी व्यवस्था उभी करण्यामुळे.

या सर्व विवेचनातून शास्त्रज्ञाच्या धर्माविषयी, म्हणजे त्याला बांधून ठेवणाऱ्या कर्तव्याविषयी, एक निश्चित निष्कर्ष निघतो. समाज संशोधकाला वेळ देतो, पैसा देतो, प्राण्यांचे जीव देतो आणि अखेरीस स्वतःचे शरीरही त्याच्या हवाली करतो. या विश्वासाच्या बदल्यात तो जे मागतो ते चमत्काराचे आश्वासन नाही. काय पाहिले, ते कोणी पाहिले, किती वेळा फसले, कोणावर अजून पाहिलेले नाही, आणि पुढे काय बिघडू शकते, एवढे त्याला त्याच्या भाषेत सांगितले जावे, ही त्याची न्याय्य अपेक्षा आहे. मराठीत वैद्यकीय उपकरणांविषयी, औषधांच्या चाचण्यांविषयी आणि त्यांच्या मर्यादांविषयी संशोधकांनी स्वतः लिहिलेले लेखन आजही फार थोडे आहे, आणि ती उणीव भाषेची नाही, ती कर्तव्याच्या कल्पनेतील उणीव आहे. जोवर सांगणे हे संशोधनानंतरचे ऐच्छिक काम मानले जाईल, तोवर ती भरून निघणार नाही. जो शोध लोकांपर्यंत यथार्थ रूपात पोहोचला नाही तो अपुरा शोध आहे, असे प्रयोगशाळांनी आणि विद्यापीठांनी मानले, तरच रुग्णाची संमतिपत्रावरची सही ही अगतिकता न राहता विवेकाने ठेवलेला विश्वास होईल.